पालथा दगड

आज पंचमी, ओहोटी उशिरा.
जैबूनचाची धक्क्यावर बसून
माझ्या मोबाइलवर चंद्र बघतेय.
दोन माणसं, पांढरी, फुगलेली.
एक वाकतो, चिमट्यानं दगड उचलतो,
पिशवीत टाकतो.

"पालथा नाही केला," चाची म्हणते.

चाळीस वर्षं पूर्णगडच्या खाडीत
तिनं कालवं फोडली, चंद्राच्या तासांवर.
सुट्टी दिली तीही त्यानंच, भांगाला.
दगड उचलावा, खाली बघावं,
होता तसा ठेवावा,
नाहीतर पुढच्या अमावास्येला
काय सापडणार?

तिथं खाली काही नसतं चाची.

"बघितलं कुणी?"

कोयती घेऊन ती उठते.
पाणी हटलंय. चिखलातून
खडकाची पाठ वर येतेय.
मोबाइल माझ्या हातात, ओला,
आणि ते दोघं अजून
पिशवीचं तोंड बांधतायत.