काखेतली सिरिंज

याकुत्स्कमध्ये आज उणे त्रेचाळीस.
कुन्नेयच्या लॅपटॉपमध्ये सत्त्याण्णव.
मधे मी,
काखेत पेस्टची सिरिंज धरून बसलेला,
ताप मोजायला बसवलेल्या पोरासारखा.

पार्सल नोवोसिबिर्स्कहून आलं,
पोस्टात दोन दिवस, माझ्या गाडीत एक रात्र
गोठून पडलं.
'दाबू नको बाबा, आधी ऊब दे तिला.'
ऊब देणं मला येतं.
सव्वीस वर्षं तेच करतोय:
रस्त्यावरून कमान करून जाणारे
गरम पाण्याचे पाइप गुंडाळायचे,
काचलोकर, पत्रा, तार.
कुठे फट राहिली तर प्रोकोपीच्या शिव्या
आणि अख्ख्या इमारतीचे नळ दगड.
उष्णता निसटू द्यायची नाही
एवढंच मी शिकलो.
लेकीलाही तेच शिकवलं: दार लाव.

आता ती म्हणते,
उष्णतेला बाहेर जाऊ द्यायचंय.

आधी स्वतःच्या अकलेनं
तिनं तो बाल्कनीत नेऊन पाहिला. चार मिनिटं.
आत आणल्यावर झाकणाला घाम फुटला,
मग रात्रभर तो टॉवेलवर पालथा
आणि ही त्याच्या उशाशी, टक्क जागी.
ओरडायचं राहूनच गेलं माझं.

तळाचे अकरा स्क्रू,
काढले तसे बशीत गोल मांडले.
मोजले तर दहा.
अकरावा मांजराच्या पंजाखाली.
(त्याचं नाव ब्योरो, म्हणजे लांडगा.
नाव ठेवलं तेव्हा ती पाच वर्षांची होती.)
पंख्यात धूळ नव्हती, नमदा होता:
लांडग्याचे करडे केस, तिचे काळे,
दाबून दाबून इतका घट्ट
की बुटात घालता आला असता.
चिमट्यानं उचलला.
टाकवेना. खिडकीत ठेवला.

तांब्याच्या नळ्या दिसल्या आणि हात थांबला.
चपट्या, वळणावर सुबक वाकवलेल्या,
एका टोकाला आग, दुसऱ्या टोकाला जाळी.
'अगं, हे तर आमचंच काम,' म्हटलं, 'फक्त उलटं.'
ती हसली नाही. टॉर्च दातांत होता.

जुनी पेस्ट म्हणजे सुकलेला चुना, भेगाळलेला.
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत गेलो
तशी चिप उघडी पडली,
तिच्यात माझी एक नाकपुडी.
'एवढं गुळगुळीत आहे. पेस्ट कशाला?'
टॉर्च काढून म्हणाली, 'दिसतं तसं नसतं.
दोन्हीकडे खड्डे असतात, बारीक.
त्यांत हवा अडकते.'
हवा! मला सांगते.
काचलोकर म्हणजे तरी काय,
अडवून धरलेली हवा.

'भाताच्या शिताएवढीच हं.'
मी हरभऱ्याएवढी पिळली.
सवय. आमच्याकडे कमी पडलं तर माणूस गारठतो.
तिनं शाळेच्या बसचं कार्ड घेऊन
जास्तीची निगुतीनं खरवडली
आणि कार्ड माझ्याच पॅन्टला पुसलं.

चार स्क्रू, समोरासमोर, अर्धा अर्धा फेरा.
हे कुणी सांगावं लागलं नाही,
फ्लँजचे बोल्ट असेच आवळतात.
पहिल्यांदाच ती
माझ्या बोटांकडे बघत होती.

रात्री अकरा. शहात्तर.
हेडफोन लावून ती कुणाला तरी सांगत होती,
हो, हो, आता मधेच नाही पडणार बंद.
पंखा मघापर्यंत विमान होता,
आता भिंतीतल्या पाइपाची गुणगुण ऐकू येत होती.
जाळीपाशी तळहात धरला:
ऊन हवा, चांगली ऊन, खोलीत येतेय.
लांडगा येऊन तिथंच पसरला.

एवढी मेहनत करून बाहेर काढलेली,
आता कुठं जाऊ द्यायची?
उठलो. खिडकीची फट चाचपली.
नमदा तिथं होताच.
बोटानं आत ढकलला,
थोडा आखूड पडला. उरलेल्या जागी
माझा जुना मोजा.