शेरा

वाचनालयाला कुलूप लागलं
आणि आम्हा चौघींच्या हाती नगरपालिकेनं याद्या दिल्या :
सत्तरीपुढचे, एकटे राहणारे.
माझ्या वाट्याला त्रेसष्ट नावं,
कागदाच्या उजव्या कडेला एक चिंचोळा रकाना. शेरा.

ओइवा सार्किओ, वय ब्याऐंशी, केमी नदीच्या काठी,
पूर्वी प्रवाहातून ओंडके हाकणाऱ्या टोळीत.
मंगळवारी साडेदहाला मी विचारायचे छापील प्रश्न.
झोप लागते?
"लागते."
जेवण?
"बटाटे."
एकटं वाटतं का? कधीच नाही, कधीकधी, बहुतेक दिवस?
"नदीत अजून बर्फ आहे."
याला खूण कुठे करायची, कळेना.
शेऱ्यात लिहिलं : बर्फ आहे.

बाकीचे बोलायचे, फोन सोडायचे नाहीत,
गुडघा, सून, टीव्हीवरचे आकडे, पुन्हा गुडघा.
फिन्निश माणूस मितभाषी, मान्य,
पण मला नेमलं होतं गप्पांसाठी
आणि हे त्यातला काना गाळून बसलेले.
दोन आठवडे मी ती पोकळी बुजवत राहिले :
हवामान, अंड्यांचा भाव, दुकानातली ज्येष्ठांची वेळ.
तिसऱ्या मंगळवारी थकले. थांबले.
तिकडे चूल तडतडत होती.
कपात चमचा फिरला, बराच वेळ फिरला.
अकरा मिनिटं. मग ते म्हणाले,
"आज बरं झालं बोलणं."

आउने, त्यांची बायको, पैलतीरावरच्या शुश्रूषागृहात.
भेटी बंद.
हे त्यांनी नाही सांगितलं, यादीतच होतं, बारीक अक्षरात.
त्यांनी सांगितलं एवढंच, की रोज स्कीवरून नदी ओलांडतो,
तिच्या खिडकीखालच्या मैदानात एक मोठा गोल फेरा मारतो
आणि परत येतो.
"ओळखतात त्या?"
"मला नाही. रेघांना ओळखते.
माझी डावी रेघ वाकडी जाते."

मेच्या पहिल्या आठवड्यात बर्फ फुटला,
रात्रभर, वखारीत फळ्या कोसळाव्यात तसा.
त्या मंगळवारी फोन उचलला नाही. दुपारीही नाही.
अशा वेळी लावायचा एक नंबर यादीच्या पाठीवर होता,
तो मी दोनदा अर्ध्यात सोडला.
संध्याकाळी तेच आले लाइनवर, धापा टाकत :
"सौनात होतो. लाकडं दोघांपुरती घातली गेली.
ऊब वाया कशाला घालवायची, दोनदा बसलो."
झोप लागते?
"नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच.
या उत्तराला चौकोन होता.
पेन हातात होतं, तरी मी खूण केली नाही लगेच.

जूनमध्ये वाचनालय उघडलं, याद्या परत गेल्या.
आलेली पुस्तकं मी तीन-तीन दिवस वेगळी ठेवायचे,
काचेआडून लोकांशी बोलायचे
आणि घरी जाऊन कुणाशीच नाही.
एका मंगळवारी साडेदहाला काउंटरवरचा फोन वाजला.
"झोप लागते?"
मी म्हटलं, कोण?
"जेवण?"
मागे पाण्याचा आवाज होता, खिडकी उघडी असणार.
"एकटं वाटतं का," ते कागद वाचल्यासारखं म्हणाले,
"कधीच नाही, कधीकधी,"
आणि तिसरा पर्याय विसरले, की माझ्यासाठी सोडला.
रांगेत दोन माणसं उभी होती, अंतर राखून.
मी काही बोलले नाही.
त्यांनी फोन ठेवला नाही.