पस्तीस बाय पंचेचाळीस

मडगावात, जुन्या बाजारामागच्या गल्लीत,
शिंपी आणि किल्ल्या करणारा यांच्यामधे
माझं दुकान आहे.
एक स्टूल, पांढरा पडदा, दोन दिवे.
भिंतीवर एकही फोटो नाही.

लिस्बनला कागद पाठवणारे येतात,
आजोबांच्या जन्माचा दाखला
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी काखेत.
हसू नका, मी सांगतो. दोन्ही कान दिसू देत.
मागं सावली नको,
सावली असली की तिथला कारकून अर्ज परत करतो.
एवढंच काम माझं आता,
माणसामागची सावली काढून टाकायची.

अकरा वर्षं याच्या उलट करत होतो.

त्या शहराचं नाव सांगत नाही.
सांगितलं की लोकांना नकाशा आठवतो.
तिथं इद्रीस होता. गाडी चालवायचा,
नाक्यानाक्यावर माझ्या वतीनं खोटं बोलायचा,
बुटाची नाडी सुटलेली दिसली की खेकसायचा.
त्याची शिट्टी आली की रस्ता मोकळा.
एका सकाळी मला भूक लागली होती
आणि भट्टीसमोर पावासाठी रांग होती.
मी गाडीतूनच रांगेचा फोटो काढला.
डावीकडून सहावा, मान वळवून माझ्याकडे बघणारा,
तो इद्रीस.
पुढच्या फोटोत रांग नाही.
दोहोंच्या मधला माझ्याकडे नाही.
बक्षीस देणाऱ्यांनी तोच मागितला होता.

इथं पहाटे पोदेराचा भोंपू वाजतो.
बायका पायऱ्या उतरून सायकलभोवती जमतात,
टोपलीवरचं निळं प्लास्टिक उचललं जातं,
वाफेचा वास माझ्या खिडकीपर्यंत येतो.
मी वरूनच ओरडतो, दोन उंडे, कडीला अडकव.
त्याला वाटतं, बाब आळशी आहे.
वाटू दे.

काल एस्पेरांसा आली, वेळ्ळीची,
चार महिन्यांची मुलगी घेऊन.
नवरा लंडनजवळ कुठल्याशा गोदामात,
रात्रपाळीला.
एवढ्या लहान मुलाला स्टुलावर बसवता येत नाही.
जमिनीवर पांढरी चादर अंथरायची,
मूल उताणं ठेवायचं, फोटो वरून घ्यायचा.
डोळे उघडे हवेत. नियमच आहे तसा.

चादर मीच अंथरली.
कोपरे ओढून सरळ केले,
हाताला सवय होती.
मग कॅमेरा डोळ्याला लावून
किती वेळ उभा राहिलो, माहीत नाही.

"बाब, ही हालता मरे, कितें करूं?"
"हालूं दी," मी म्हटलं.
पाय झाडत होती, मुठी तोंडात कोंबत होती,
सगळ्या नियमांच्या बाहेर लोळत होती.
सतरा फोटो हललेले आले.
मी एकही पुसला नाही.

अठराव्यात डोळे उघडे, ओठ मिटलेले,
दोन्ही कान स्पष्ट.
फक्त चादरीवर, तिच्या उजव्या खांद्याला टेकून
माझी सावली.

ती काढायला रात्रीचे नऊ वाजले.
शटर ओढता ओढता शिंपी म्हणाला,
एका फोटोला एवढा वेळ?
हो, म्हटलं. लहान आहे ती.