पेपर लावायचे दिवस

गिरजाआत्या घडांना पेपर लावते, मोहाडीच्या बागेत.
कमरेला पिशवी, पिशवीत रद्दी, उजव्या हातात स्टेपलर.
न्हाऊ घातलेल्या लेकराला कुंची बांधावी
तसा घड झाकते.
खट्. पुढचा घड.
दिवसाला सातशे, कधी आठशे.
ऊन लागलं की मणी गुलाबी पडतो, म्हणते,
गुलाबी मणी बोटीत चढत नाही.

एकतीस वर्षं झाली.
तिच्या मानेला कुणी पेपर लावला नाही.

मी शरणपूर रोडला मेडिकलच्या काउंटरवर असते.
एसी आहे. उन्हाची क्रीम तिसऱ्या फळीवर.
मागायला येतात लग्न ठरलेल्या मुली, त्यांच्या आया.
पहिला प्रश्न: गोरी होईल ना?
नाही हो, ही गोरं करायची नाही,
ही जळू नये म्हणून.
मग राहू द्या, म्हणतात
नि शेजारची ट्यूब उचलतात.

आत्याच्या कानशिलावर पोळ्यापासून एक पुळी होती.
तांदळाच्या दाण्याएवढी, चकाकणारी.
खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची.
हळद झाली. कोरफड झाली.
कुणीसं दिलेलं मलम झालं.
मी ट्यूब उलटून वाचली: नायट्याचं होतं.

सिव्हिलच्या रांगेत ती पदर पार भुवयांपर्यंत ओढून बसली,
तिथं, छपराखाली, पंख्याखाली.
बागेत पदर खोचलेला असतो. हात वर, तोंड वर.

डॉक्टरीणबाई कोवळ्या वयाची.
उन्हात असता का, तिनं विचारलं.
आत्या हसली. "मंग बाग काय घरात आणू, बाई?
आन् आमची कातडी काळी. तिला ऊन काय करतंय?
ते गोऱ्यांचं दुखणं."
डॉक्टरीण हसली नाही.
म्हणाली, काळा रंग ही तुमचीच सावली आहे मावशी,
पण विरळ. शेवग्याची असते तशी.
शेवग्याखाली कुणी दुपारभर निजतं का?
हे आत्याला पटलं. शेवगा तिच्या दारात आहे.

कडेचा तुकडा काढून तपासायला गेला.
बारा दिवस आम्ही थंडीवर बोललो,
निफाडला पारा किती उतरला यावर,
आणि थंडीतलं ऊन कसं लबाड,
अंगाला गोड लागतं नि काम करून जातं, यावर.
रिपोर्टमधला शब्द मी तिला सांगितला नाही.
सांगितलं: कापून निघतं. बरं होतं. वेळेत आलो.
तिन्ही खरं होतं.
ती म्हणाली, "म्हंजी मणी काढायचा, घड ऱ्हातोय."

आता ती माझ्या भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते
लुगड्यावरून, कॉलरचं बटण लावून.
बायका दोन दिवस हसल्या.
तिसऱ्या दिवशी चंद्रभागानं विचारलं, असला कुठं मिळंल.
मी दिलेली ट्यूब मात्र देव्हाऱ्यात ठेवलीय,
संपू नये म्हणून.
मी फोनवर ओरडते: लाव ती! कानाला, मानेला!
"घामानं जाती गं."
मग पुन्हा लाव.
"एवढी महाग?"
यावर माझ्याकडे उत्तर नसतं. पुढच्या पगाराला आणखी एक नेते.

परवा रविवारी गेले तर अकराचं ऊन बागेत शिरलेलं.
आत्या बांधावर, डोक्यावर टोपी,
रद्दीचीच, रुंद काठाची, चार ठिकाणी स्टेपल मारलेली.
कपाळावर सराफ बाजारातले भाव,
मानेवर लोंबतंय कुणाचं तरी उत्तरकार्य.
"इकडं सर, सावलीला," म्हणाली
आणि माझा हात धरला,
स्कूटर चालवून मनगटाशी दोन रंग झालेला,
उलटा केला, सुलटा केला,
घड तपासावा तसा.

"हे काय," म्हणाली.
"तुला कुणी सांगत न्हाई का?"