मागच्या चाकांचा वाटा

तिसरा मास्टर सिलिंडर बदलून आलास, निकानोर,
तरी गाडी उतारावर नाक खुपसतेच.
पुढची चाकं किंचाळतात, मागची नुसती बघत बसतात.
ओरुरोच्या त्या दुकानदाराचं घर चाललं तुझ्या पैशावर.
आधी माझ्याकडे आला असतास
तर चहा पाजून फुकट सांगितलं असतं :
दोष पायाखाली नाही, पाठीमागे आहे.

ये खाली. त्या पोत्यावरच आडवा हो,
आत लामाची लोकर आहे, फरशी चावणार नाही.
वर बघ. मागच्या ॲक्सलच्या वर, चासीला चिकटून,
मिठाने माखलेला तो गोळा.
हा वॉल्व्ह. याला एक हात आहे,
हाताला स्प्रिंग, स्प्रिंगचं दुसरं टोक ॲक्सलला.
गाडी भरली की तिची पाठ बसते,
हात वर ढकलला जातो,
आणि हा मागच्या चाकांना म्हणतो, घ्या, आज तुम्हाला जास्त.
रिकामी असली की मूठ आवळतो.
सदतीस वर्षं हा एवढाच हिशेब.

तो आता चुकतोय.
गाडी ऐटीत दिसावी म्हणून तू मागे दोन इंच उंच पाटे घातलेस,
तेव्हापासून याला वाटतं, गाडी कायम रिकामीच.
सहा परदेशी, त्यांच्या बॅगा, टपावर पेट्रोलचे कॅन,
याच्या लेखी कुणी बसलेलंच नाही.
त्यात हे मीठ. सांधाच धरलाय.

"काढून टाक," म्हणालास, "सरळ नळी जोड, सगळे तेच करतात."
करतात.
एफ्राइननेही केलं होतं.
एकटाच परतत होता, खडीचा उतार, गाडी रिकामी.
मागची चाकं आधी अडकली
आणि गाडीची शेपटी तिच्या तोंडापुढे आली.
तो वाचला. तिचे दिवे माझ्याकडे आहेत, त्या फळीवर.
मी पुसते अधूनमधून.

तू झोपायला गेलास तेव्हा
रॉकेल ओतलं, तारेचा ब्रश घेतला,
हातोडीने टकटक, जोरात नाही,
शेजारीण बाळंतीण असताना दार वाजवावं तशी.
ॲक्सलवरच्या दांड्याला दोन इंचांचा तुकडा वेल्ड केला,
तू उचललंस तेवढं परत दिलं.

पहाटे बादलीवर बर्फाची साय होती.
विल्बेरला पेडलवर बसवला. बारा वर्षांचा, पाय जेमतेम पोचतो.
आधी लांबचं चाक, मग जवळचं, शेवटी वॉल्व्हचा स्वतःचा निपल.
दाब. धर. धर म्हटलं ना! सोड.
दाब. धर. सोड.
आधी आलं कोकाच्या पानांच्या काढ्यासारखं तपकिरी,
मग बुडबुडे, पुन्हा बुडबुडे,
विल्बेरने तीनदा विचारलं, झालं का,
आणि मग तेल, ज्यातून माझं बोट दिसत होतं.

तरी माझा विश्वास बसेना.
हात हलतो का बघायला वजन हवं.
बाजाराला निघालेल्या बायकांना हाक मारली.
दोन्या फोर्तुनाता, तिच्या दोन सुना,
किन्वाचं गाठोडं, एक नाखूश मेंढी,
घेरदार झगे सावरत सगळ्या मागे चढल्या.
"कुठे नेतेस गं?"
"कुठेच नाही. नुसत्या बसा."

मी खाली होते. पाटे कण्हले
आणि तो हात अर्धं पेर वर सरकला.
खडूने खूण केली.
फोर्तुनाताला उतरवलं, तो खाली आला.
परत चढवलं, परत वर. खुणेला बरोबर.
"अगं, माझं वजन मोजतेस की काय!"
"मी नाही," मी खालून ओरडले, "हा मोजतोय!"

बसल्या आहेत अजून, म्हातारी चिडलीये.
पैशांचं नंतर बघू.
आधी त्यांना बाजारात सोड, भरल्या गाडीने हळू ब्रेक लावून बघ,
मग येताना रिकामीने.
विल्बेर,
पाय काढ आता पेडलवरून.