पान क्रमांक सत्तेचाळीस

पालच्या लाकूड डेपोत बदली झाली तेव्हा
टेबलाच्या खणात हे सापडलं:
सुकलेलं शाईचं पॅड, लाखेचा तुकडा,
आणि सादड्याच्या काटकीला देठाने आवळलेला
सुपारीहून मोठा, सुपारीसारखाच टणक
एक राखाडी कोष.
"फेकू नका साहेब," जामसिंग पावरा म्हणाला,
"आत कुणीतरी आहे."

मी खण लावून घेतला.

मग खानदेशचा उन्हाळा.
रावेरच्या केळी भाजून वारा डोंगरापर्यंत चढला,
सागाने अंगावरचं सगळं उतरवलं,
सुकी नदीने आपलं नाव खरं केलं.
पत्रा रात्री दहापर्यंत निवत नसे.
खणात ते तसंच.
ना पाणी, ना उजेड, ना अर्ज.
दोनदा कानाशी धरून हलवलं:
आत काहीतरी जडसं आपटलं,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं.

जेठ सरताना एका संध्याकाळी
टोकाशी ओला डाग दिसला.
आपल्याच थुंकीने भिंत भिजवून
ती बाहेर आली,
चुरगळलेल्या पावतीच्या बोळ्यासारखी.
तासाभरात पंख उलगडले, वीतभर,
चारही पंखांवर एकेक काचेची खिडकी.
त्यातून मला माझ्याच रजिस्टरच्या रेघा दिसल्या.

"हिला तोंड नसतं," जामसिंग म्हणाला.
"अळी असताना खाल्लं तेवढंच. आता आठ दिवस."

आठ दिवसांची असून तिला घाई नव्हती.
जावक रजिस्टरवर बसून राहिली,
पोटाचं टोक तेवढं हलवत.
मला कसलाच वास आला नाही.
पण मध्यरात्रीनंतर
फाटक्या जाळीतून तो आला,
तांबूस, लहानखुरा, कपाळावर दोन पिसं,
किती टेकड्या ओलांडून, कुणास ठाऊक.
माझं कार्ड इथून चोपड्याला
पाचव्या दिवशी पोचतं.

दुसरा दिवस मावळेपर्यंत दोघं तशीच.
मी डेपोला कुलूप लावलं नाही.

मग तिने उघड्या पानावर अंडी घातली,
रकान्यांची पर्वा न करता:
'वाहन क्रमांक'मध्ये अकरा,
'घनमीटर'मध्ये तीस-पस्तीस,
'शेरा'मध्ये एकच.

जामसिंगने मला विचारलं नाही.
पान फाडलं, पळसाच्या द्रोणात घातलं
आणि कुंपणामागच्या सादड्याला बांधून आला.

नवव्या दिवशी केसाएवढ्या अळ्या निघाल्या.
आधी टरफल खाल्लं, मग झाड.
मुंग्यांनी नेल्या, गांधीलमाशीने नेल्या,
एक भारद्वाज तर हजेरी लावल्यासारखा रोज यायचा.
पाच वेळा कात टाकून
चार उरल्या: हिरव्या, अंगठ्याएवढ्या,
कुशीला चांदीचे ठिपके.
रात्री उभं राहिलं की
पान कुरतडल्याचा आवाज यायचा.
घरी बाळंत झालेल्या बायकोला मी
कार्डावर हेच लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही.

मार्चमध्ये तपासणी आली.
धुळ्याचे साहेब, थुंकी लावून पानं मोजणारे.
"सेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस?"
जामसिंगने खिडकीबाहेर बोट केलं.
उघड्याबोडक्या सादड्यावर
दोन कोष हलत होते, वारा नसताना.
साहेबांना ते दिसले की नाही, माहीत नाही.
त्यांनी लेखी खुलासा मागितला.

मी टाक बुडवला, तारीख घातली
आणि सहीनिशी लिहिलं:
पान झाडाला परत.