हेरंबचे क्रॅम्पॉन

जानेवारीत कुरिअर आलं, खसबच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर.
चकलीच्या डब्यात, जुन्या पंचात गुंडाळलेले
बारा-बारा दातांचे दोन क्रॅम्पॉन
आणि चिठ्ठी: तिकडे फ्योर्ड आहेत असं वाचलं.
फ्योर्ड म्हणजे वर हिमनदी असणारच. घालून ये.

आठ वर्षं हेरंब नॉर्वेसाठी पैसे बाजूला टाकत होता.
मग मूत्रपिंडांनी ते मागून घेतले.

शुक्रवारी पहाटे मुसब्बहने पिकअपचा हॉर्न एकदाच वाजवला.
(दोनदा वाजवला की वरच्या मजल्यावरची सिस्टर
खिडकीतून पाणी ओतते.)
त्याच्या हातात काठी, काठीच्या डोक्याला मूठभर कुऱ्हाड,
बाकी काही नाही.
माझ्या पाठीवर पाच लिटर पाणी, खजूर, शेंगदाण्याची चटणी
आणि तो लोखंडी खुळचटपणा.
त्याने एक उचलून टपाच्या दिव्याखाली धरला:
"कुठल्या जनावराचा जबडा?"
मी बर्फ समजावू लागलो.
बर्फ त्याला माहीत होता, मासळीच्या पेट्यांतला.

वाट म्हणावी अशी वाट नाही.
लेंड्या दिसेनाशा झाल्या की समजावं, चुकलो.
आमच्याकडचे शब्द इथे चालतात:
घसारा, नळी, खिंड, कातळाची धार.
झरा हा शब्द मी पाठपिशवीतून काढलाच नाही.

वरच्या सपाटीवर जमिनीत अर्धं पुरलेलं दगडी घर,
दाराला हातभर लाकडी कुलूप.
आत रांजण आहेत, मुसब्बह म्हणाला, दारापेक्षा मोठे.
आधी रांजण ठेवले, मग भोवती घर रचलं.
उन्हाळ्यात कुलूप लावून त्याचे चुलते
खजुरांच्या मागे खाली उतरायचे.
"आणि आता आत काय?"
त्याने भिंतीवर हात थापटला, जनावराला थापटावं तसा,
आणि चालू लागला.

मी घोट घेतला. लगेच दुसरा.
हेरंबला दिवसाला एक लिटर, आमटीतलं धरून.

पुढे एका शिळेत शिंपले होते, शेकडो,
पावलांनी तुडवून गुळगुळीत झालेले.
त्यांच्यावरूनच खिंडीत चढायचं.
आणि खिंडीपलीकडे एकदम खोर नजद:
डोंगरांच्या बोटांमध्ये अडकलेलं हिरवं पाणी,
आवाज नसलेलं.

इथे हिमनदी कधी नव्हती.
डोंगर कलले, खचले, समुद्र दऱ्यांत शिरला.
आणि समुद्र वर चढला तो
दूर उत्तरेचा बर्फ सुटला म्हणून.
हे मला एका भूगर्भवाल्या पेशंटने सांगितलं,
मनगटाचा एक्स-रे काढताना,
हलवू नका म्हटलं तरी हात हलवून हलवून.

उतारावर घसारा लागला तेव्हा मी बसलो
आणि पट्टे आवळले.
चुनखडीवर दात असे किंचाळले
की समोरच्या कड्यावरच्या बकऱ्या चरायच्या थांबल्या.
दहा पावलं. अकराव्याला मी बुडावर.
मुसब्बह हसता हसता काठीवर रेलला,
मग हसणं आवरेना म्हणून खालीच बसला.

खिंडीत परत चढून गेलो. तिथे नेटवर्कच्या दोन काड्या मिळतात.
"बर्फ आहे का?"
"होता. सगळा वितळून खाली साचलाय."
तिकडे मशीनची घरघर.
"खोल आहे?"
मी मुसब्बहला विचारलं. तो म्हणाला,
बापाने नांगर टाकला होता, दोरी संपली.
मी तसंच सांगितलं.
हेरंब बराच वेळ काही बोलला नाही,
दोरी सोडत असावा.

मग म्हणाला, "दात नाही ना वाकवलेस?"
"एक."
"कितवा?"
मी पाय वर घेऊन मोजू लागलो.
"थांब," तो म्हणाला, "सुई काढायला आलेत.
मोजून ठेव."